पिपरटोल्याच्या मंडईतली लाल माळ

बाजारात लाल मण्यांची माळ घेताना तुम्ही ती कधी ओठाला लावून पाहिली आहे का?

नसेलच पाहिली. माळ घेताना आपण आरसा पाहतो, दुकानदाराचं तोंड पाहतो, शेजारणीच्या गळ्यात काय आहे ते पाहतो. मणी दगडाचा की काचेचा, हे पाहायची कोणाला फुरसत? आणि मग तीच माळ तुटली की नाव कोणाचं घेतो? जिनं ती माळ कधी डोळ्यांनी पाहिलीही नाही, तिचं. पिपरटोल्याच्या मंडईत दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत असंच झालं, आणि नाव घेतलं गेलं तुलसाबाईचं. नाव घेणाऱ्यांना वाटलं, गरिबाची बाई आहे, ऐकून घेईल. त्यांनी तुलसाबाई पाहिली नव्हती. म्हणजे पाहिली होती, पण भडकलेली पाहिली नव्हती.

तुलसा बिरसीची सून. माहेर वैनगंगेच्या काठचं. तिची माय रुक्मा उन्हाळ्यात नदी आटली की गोटे वेचायला वाळूत उतरायची. वैनगंगा येते शिवनीकडून, तिकडच्या काळ्या खडकांतून. त्या खडकांच्या पोकळ्यांमध्ये हा गोटा जन्माला येतो, नदी त्याला घासत-पुसत खाली आणते आणि वाळूत टाकून पुढं जाते. लोक म्हणायचे गारगोटी. तसबीचे, म्हणजे जपमाळेचे, मणी विकणारा एक फकीर त्याला हकीक म्हणायचा, पुस्तकवाले अकीक म्हणतात. रुक्मा नुसतं म्हणायची, लाल गोटा.

खरी गंमत ही की तो लाल नसतोच. नदीत सापडतो तेव्हा मातकट, पिवळट, जुन्या गुळाच्या खड्यासारखा. रस्त्यात दिसला तर तुम्ही लाथेनं उडवून द्याल. त्यातला कामाचा कोणता आणि कुत्र्याला मारायचा कोणता, हे ओळखायला त्याला ओला करून सूर्यासमोर धरावं लागतं. कडेनं उजेड आत शिरला, तेंदूच्या पिकल्या फळातून, टेंभरातून, शिरतो तसा, तर तो आपला. नाही शिरला तर नदीचा नदीला.

मग त्याला लाल करायचं. पहिला उन्हाळा तो छपराच्या कवेलूंवर, कौलांवर, पडून ऊन खातो. नंतर मडक्यात राखेचा थर, त्यावर गोटे, पुन्हा राख, वर झाकण, आणि मडक्याभोवती धानाच्या तुसाचा ढीग. तूस पेटवायचं म्हणजे भडकवायचं नाही. ते आतल्या आत धुमसत राहिलं पाहिजे, सासूसारखं. हळूहळू ऊब चढते, हळूहळू उतरते, आणि गोट्याच्या पोटातला पिवळेपणा लाल होतो. नुसता वरून नाही, आरपार. मग मडकं गार होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कोणी मेलं तरी नाही.

तुलसानं लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी हात लावला होता. सासू म्हणाली, "मायनं नुसते गोटे भाजाचं शिकवलं का? भाकर भाजाचं राहूनच गेलं!" तुलसाचं डोकं फिरलं. तुले दाखवतोच माझ्या मायनं काय शिकवलं ते, म्हणत तिनं गरम मडक्याचं झाकण काढलं आणि गोटे ओसरीत ओतले. कार्तिकातली गार हवा लागली मात्र, टक्‌, टक्‌, टक्‌, लाह्या फुटाव्यात तसे सगळे तडकले. सासू आनंदानं भाकर थापायला निघून गेली. तेव्हापासून तुलसाला एक गोष्ट कायमची समजली. ह्या दगडाला आग चालते, पण आगीची घाई चालत नाही. आणि तिच्या स्वभावाला फक्त घाईच चालायची. म्हणून दगड आणि बाई दोघांचं आयुष्यभर एकमेकांशी भांडण.

नवरा मात्र थंड. मनिराम विळे-सुऱ्यांना धार लावायचा, खांद्यावर चाक घेऊन गावोगाव फिरायचा. ह्या चाकानंच तुलसाचं भाग्य उघडलं म्हणा. लाल गोटा एवढा कडक की सुरीचं टोक त्यावर ओढलं तर सुरीच झिजते. त्याला गोल करायला, चमकवायला कुरुंद दगडाचीच पूड लागते, आणि ती मनिरामच्या पिशवीत असायचीच. दिवसा चाकावर गावचे विळे, संध्याकाळी चाकावर तुलसाचे मणी. छिद्र पाडायला सुताराचा सामता. धनुकलीनं गरगर फिरवायचा, टोकाला कुरुंदाची पूड आणि पाण्याचा थेंब. अर्धं छिद्र इकडून, अर्धं तिकडून, आणि मधोमध दोन्ही भेटले पाहिजेत. नाही भेटले तर हात वाकडा, असं रुक्मा म्हणायची. तुलसा म्हणायची, गोटा वाकडा.

नवरा-बायकोचं भांडण मात्र एकच. मनिरामला बिडी लागायची. लढाईत काडेपेटी मिळेनाशी झाली, तेव्हा त्यानं बापाची जुनी चकमक काढली: पोलादाची पट्टी, सावरीचा कापूस आणि गारेचा तुकडा. ह्या गारेपायीच सगळं रामायण. अंगणभर गारगोट्या पडलेल्या, पण मनिरामचा हात जायचा तो बायकोच्या टोपलीतच.

"अजी, काऊन माझ्या टोपलीत हात घालता?"

"तुटका आहे वं. तुटकाच घेतला."

"तुटका होता का तुमी तोडला?"

"तुह्या गोट्याची ठिणगी मोठी पडते, तुलसे. घरच्या मानसाची तारीफ करून राहिलो, तं भांडते."

तारीफ ऐकून ती आणखी भडकायची, कारण टोपलीतला चांगला गोटा तोपर्यंत धुरात गेलेला असायचा.

लढाईत बिरसीला विमानाची धावपट्टी बांधायला काढली. वैनगंगेचे गोटे गाड्या भरभरून येऊन पडू लागले. मायनं जन्मभर वाळू तुडवून वेचलं, तेवढं तुलसाच्या दारात आपोआप येऊन पडू लागलं. ती टोपली घेऊन ढिगाऱ्यावर जायची, मुकादमाशी भांडायची, त्याच्या लेकराच्या गळ्यात नजरेचा एक मणी बांधायची, आणि टोपली भरून घेऊन यायची. धान लावायच्या दिवसांत ती चिखलात असायची, बाकीचे दिवस चाकावर. तिचे मणी पार अर्जुनी-केशोरीपर्यंत गेले. बायांना ते आवडायचे, कारण रंग जात नव्हता. घामानं जात नव्हता, हळदीनं जात नव्हता, विहिरीवर घासल्यानंही जात नव्हता.

आणि वर्षाचा सगळा दम ती ठेवायची पिपरटोल्याच्या मंडईसाठी.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी आलेल्या असतात, भर दिवसा दंडार, म्हणजे आमचं नाचगाण्याचं नाटक, उभी राहते, ढोलकी वाजते, आणि सगळ्या पंचक्रोशीची खरेदी त्या एका दिवसात होते. चिंचेखालची, दंडारीच्या अगदी समोरची जागा रुक्माची होती, पुढं तुलसाची झाली. जागा म्हणजे काय? पोतं टाकण्याएवढी जमीन. पण मंडईत ज्याला जागा नाही त्याला वर्ष नाही. जागा द्यायची की काढायची, हे गावचे मालगुजार भैयाजी ठरवायचे. गाव त्यांचं, तळं त्यांचं, चिंच त्यांची, चिंचेची सावलीसुद्धा त्यांचीच. देवानं झाड लावायच्या आधी त्यांना विचारलं असावं.

तर त्या वर्षी मंडई तोंडावर आली आणि पिपरटोल्यात नि बिरसीत कोतवालानं दवंडी पिटली: "आयका हो! बिरसीची तुलसाबाई काचेचे मनी दगडाचे म्हनून इकते! मालकाच्या हुकुमानं तिले मंडईत जागा नाही हो!"

तुलसा तेव्हा अंगणात मणी घासत होती. हात पुसले नाहीत, की पदर नीट केला नाही. तशीच उठली आणि पिपरटोल्याची वाट धरली. मनिराम मागून चाक टाकून धावला, पण रागात निघालेल्या तुलसाला गाठायला घोडा लागत असे.

भैयाजींच्या ओसरीत सभा भरल्यासारखी होती. भैयाजी तक्क्याला टेकून, दारात मालकीणबाई सुशिलाबाई, आणि समोर पान चघळत गोंदियाचा मणेरी मुन्नालाल. हा मुन्नालाल शहरात बांगड्या-मण्यांचं दुकान चालवायचा आणि मंडईत सगळ्यात मोठा पाल लावायचा. चिंचेखालच्या जागेवर त्याचा डोळा होता, हे चिंचेलाही माहीत होतं.

"रामराम मालक. माझी जागा कायले काढली?"

"कायले म्हनजे?" भैयाजींनी एक ताट पुढं सरकवलं. "हे पाहा. मालकिनीची माळ. खाली पडली अन् भुगा झाला."

सुशिलाबाई म्हणाल्या, "गोंदियाले ह्यांच्या दुकानातून घेतली मी. बिरसीच्या तुलसाबाईचे मनी म्हनून घेतली. लाल गोट्याचे."

तुलसानं एक तुकडा उचलून उजेडात धरला. "वरून रंग, आत पांढरं, अन् ह्यात बुडबुडा आहे. दगडात कधी बुडबुडा पाहिला का? ही काच आहे, काच! अन् ही मी बनवली नाही."

मुन्नालालनं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "अरे बाई, काच तो है ही। पर काच आई कहाँ से? धावपट्टी पर गोरे सिपाही बोतलें फेंकते हैं, और टोकरी लेके रोज़ कौन जाती है? पूरी बिरसी ने देखा है। पत्थर में कोई छेद कर सकता है भला?"

खोटं असं बोलावं की त्यात थोडी टोपली खरी असावी. टोपली खरी होती. धावपट्टी खरी होती. रिकाम्या बाटल्याही खऱ्या होत्या. भैयाजींनी मान हलवली.

तुलसानं गळ्यातली माळ काढली. ही विकायची माळ नव्हती. रुक्मानं स्वतः भाजून, स्वतः घासून, लेकीच्या लग्नात तिच्या गळ्यात घातलेली. मधला मणी बोराएवढा, बाकीचे दोन्ही बाजूंनी लहान लहान होत गेलेले. तिनं ती सुशिलाबाईंच्या हातात दिली.

"मालकीनबाई, ही ओठाले लावा. मग तुमची लावा. दगड थंड लागते, काच लवकर गरम होते. तुमीच सांगा."

सुशिलाबाईंनी लावली. मग काचेचा तुकडा लावला. मग पुन्हा माळ. "अवं, दोन्ही थंडच लागून राहिले."

"कार्तिक का महीना है बाई," मुन्नालाल म्हणाला, "इस ठंड में तो घरवाली का हाथ भी पत्थर लगता है।"

ओसरी हसली. भैयाजी हसले, नोकर हसले, उंबऱ्यातल्या सुशिलाबाईंनाही पदर तोंडाला लावावा लागला. आणि हसण्यावर तुलसाकडे औषध नव्हतं. शिवी दिली असती तर तिनं शिवी परत केली असती. हसण्याला काय परत करणार?

"काच आगीत इरघळते!" ती ओरडली. "मंडईत दंडारीपुढं आग पेटवा. साऱ्या लोकांदेखत ही माळ तिच्यात टाकतो! इरघळली तं पिपरटोल्याच्या शिवारात पाय ठेवनार नाही. नाही इरघळली तं जागा माझी!"

भैयाजी सरसावून बसले. मंडईला दंडारीपेक्षा मोठा तमाशा फुकटात मिळत होता. "ठरलं," ते म्हणाले. "मंडईतच पाहू."

दारात धापा टाकत मनिराम पोहोचला, तो नेमका हा शब्द ऐकायला.

परतताना बांधावरून दोघं मागं-पुढं चालत होते. धान कापणीला आलं होतं. मनिरामनं एक लोंबी तोडून तळहातावर चोळली. मग म्हणाला, "तुलसे, इरघळनार तं नाही."

"नाही."

"पन तडकते ना?"

ती थांबली नाही, पण चाल मंदावली.

"भडकत्या आगीत टाकला तं लाहीवानी फुटते. तूच सांगत राहतेस. अन् फुटला की तो पानवाला म्हनते, पाहा, काच होती, फुटली."

"माहीत आहे मले!"

"मग कायले बोलली?"

"हसले ते!"

माय गेली तेव्हा तुलसाकडे तिची एकच वस्तू उरली होती, आणि ती तिनं स्वतःच्या तोंडानं आगीत टाकली होती. नाही टाकावी तर शब्द गेला, शब्दाबरोबर जागा गेली, जागेबरोबर धंदा. टाकावी तर माळ गेली, आणि जागा तरीही गेलीच. मनिरामनं सुचवलं की आजारी पडावं. शेजारणीनं सुचवलं की आग लहान पेटवायला लावावी. तुलसानं दोन्ही उडवून लावलं. मडक्याजवळ बसायची, माळ हातात फिरवायची, आणि सासूची आठवण काढायची. सासू असती तर निदान भांडायला कोणी असतं.

मंडईच्या दिवशी सकाळी मनिराम अंगणात उकिडवा बसला आणि बिडी काढली. हात सवयीनं टोपलीत गेला.

"पुन्हा!" तुलसा आतून कडाडली. "आज बी? आजच्या दिवशी बी माझेच गोटे लागतात तुमाले? घराले आग लागली तरी हा मानूस बिडी—"

मनिरामनं पट्टी मारली. ठिणगी कापसावर पडली. मनिरामनं बायकोकडे पाहिलं, बोलणं पुरं होण्याची वाट पाहत. ते पुरं झालं नाही. तुलसा त्या कापसाकडे बघत उभी राहिली होती.

"ते सारं घ्या संगं," ती म्हणाली. "पट्टी, कापूस, अन् तुमची ऐरन-हातोडी बी."

"अन् बिडी?"

"ती तं तुमाले जळताना बी लागन!"

त्या दिवशी पिपरटोल्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आग पाहायला लोक दूरदूरच्या गावांहून आले होते. दंडारीसमोर लाकडं रचून पेटवली होती, ज्वाळा माणसाएवढ्या. ढोलकीवाल्यानं ढोलकी मांडीवर उताणी ठेवली होती. चिंचेखाली मुन्नालालचा पाल लागलाही होता, लाल मण्यांच्या माळा घडांनी लटकत होत्या. भैयाजी खुर्चीवर, आणि बायांच्या बाजूला सुशिलाबाई.

तुलसा आगीपुढं आली. गळ्यात माळ तशीच.

"मालक, मी रागात बोलली," ती म्हणाली, आणि आवाज मागच्या झाडापर्यंत गेला. "ही माळ मी आगीत टाकत नाही. खरा गोटा अशा आगीत तडकते. भाजाले त्याले तुसाची धिमी आग लागते. हे मले तेव्हाबी माहीत होतं. तोंड माझं, चूक माझी."

गर्दीतून आरोळी उठली. कोणी शिटी वाजवली. मुन्नालालनं दोन्ही हात पसरले, "देखा! मुकर गई! अब और क्या सबूत चाहिए?"

"थांब ना बाप्पा, पान गिळ आधी," तुलसा म्हणाली. "आग पाहाले आले ना सारे? आग दाखवतो. काच आग पाहून इरघळते. खऱ्या गोट्याच्या पोटात आग असते. काढून दाखवतो."

ती खाली बसली. मनिरामनं ऐरण ठेवली, पट्टी दिली, कापूस पसरला. तुलसानं टोपलीतून एक गोटा काढला, तशी मुन्नालाल पुढं झाला. हा माणूस मूर्ख नव्हता, हे मान्य केलं पाहिजे.

"ना ना ना! चिंगारी तो रास्ते का पत्थर भी देता है। बात माला की थी। माला का मनका चाहिए।"

भैयाजींनी मान डोलावली. "बरोबर आहे. बात माळेची झाली."

तुलसानं गोटा खाली ठेवला. तिनं गळ्यातली माळ चाचपली. गुळगुळीत मण्यातून ठिणगी पडत नाही, धार लागते, आणि धार हवी तर मणी फोडावा लागतो. लहान मणी चिमटीत मावत नाही. म्हणजे मधलाच. बोराएवढा.

तिनं गाठ सोडली, मधला मणी काढून ऐरणीवर ठेवला.

"हाना," ती मनिरामला म्हणाली.

मनिरामनं हातोडी उचलली आणि खाली ठेवली. "तुह्या मायचा आहे तो, तुलसे. मी नाही."

तेव्हा तिनंच हातोडी घेतली. एकच घाव. मणी छिद्राच्या रेषेवर उभा चिरला. तिनं अर्धुक उचलून आधी भैयाजींकडे, मग लोकांकडे धरलं. "पाहा. आत बी लाल. वरून रंगवला असता तं आत पांढरा राहिला असता, मालकिनीच्या काचेवानी."

मग पट्टीवर मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. काही नाही. मुन्नालाल हसला, त्याच्यामागं हसणारेही हसले. तुलसानं हसणाऱ्यांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला घाई झाली नाही. तिनं अर्धुक चिमटीत फिरवलं, बारीक धार पुढं आणली, मनगट सैल केलं, रोज सकाळी शिव्या देता देता पाहिलेल्या नवऱ्याच्या हातासारखं, आणि ओढून मारलं.

ठिणगी पडली. नारिंगी, चांगली टपोरी. सावरीच्या कापसावर काळा ठिपका उमटला, त्यातून धुराची दोरी निघाली. तुलसानं हलकेच फुंकर घातली, आणि कापूस लाल झाला.

सगळी मंडई टाचा उंचावून पाहू लागली. आणि नेमकं तेव्हाच मनिरामनं, काही विचार न करता, निव्वळ सवयीनं, कानावरची बिडी काढली आणि त्या कापसावर पेटवली.

जी काय हसली मंडई! ढोलकीवाल्यानं थापच मारली. दंडारीचा सोंगाड्या लुगड्याचा काचा आवळत उडी मारून आला, मुन्नालालच्या पालातून एक माळ ओढली आणि म्हणाला, "थांबा, शेटजीची बी बिडी पेटवू!" त्यानं मणी पट्टीवर घासला. मणी चुरा होऊन त्याच्या पायावर पडला. "अवं माय वं," तो नाचत म्हणाला, "ही तं घासताच रडाले लागली!"

मुन्नालालनं आपल्या माळा झाकायला सुरुवात केली. हळूहळू, कोणी पाहू नये अशा बेतानं. सगळे पाहत होते.

भैयाजी खाकरले. त्यांच्या बोटात आजोबाची मोहोर, शिक्क्याची अंगठी होती, ह्याच लाल गोट्याच्या खड्याची. गरम लाखेवर दाबली तरी लाख तिला चिकटत नसे, म्हणून तर तिच्यावर नाव कोरलेलं. तिच्याकडे पाहत ते म्हणाले, "ठीक आहे तुलसाबाई. जा, बस आपल्या जागेवर."

तुलसा जागची हलली नाही.

"काऊन? आता काय?"

"मालक, बंदीची दवंडी दोन गावांत वाजली. अन् माफी अशी कानात?"

मालगुजाराला असं कोणी बोलत नसे. भैयाजींचं तोंड लाल झालं, आणि ते धिम्या आगीवर झालेलं नव्हतं. मनिरामची बिडी हातातच राहिली. तेवढ्यात बायांच्या बाजूनं आवाज आला.

"वाजवा न जी," सुशिलाबाई म्हणाल्या. "माह्याच माळेपायी झालं सारं. मी बी चुकली."

भैयाजींनी कोतवालाकडे बोट केलं. कोतवालाला काय, डफडं बडवायचंच होतं. "आयका हो! तुलसाबाईचे मनी खऱ्या दगडाचे हो! चिंचेखाली जागा तिची हो!" पिपरटोल्यात वाजलं, आणि तुलसानं दुसऱ्या दिवशी बिरसीतही वाजवून घेतलं. कोतवाल कंटाळून टाळायला पाहत होता, तर ती त्याच्या मागं मागं फिरली.

त्या मंडईत तिच्या पोत्यावरचा सगळा माल संपला. सुशिलाबाईंनी गळ्यातल्या माळेकडे बोट दाखवून विचारलं, "हीच देतेस का वं?"

"ही नाही, मालकीनबाई. तुमाले नवी करून देतो. उन्हाळ्यात गोटे ऊन खातील, मग भाजीन. घाई करू नका." हे शेवटचं ऐकून मनिरामला ठसका लागला.

फुटलेला मणी तिनं फेकला नाही. चाकावर त्याची धार तेवढी मोडली आणि अर्धुक पुन्हा माळेच्या मधोमध ओवलं. लोक म्हणायचे, बाई, एवढे मणी करतेस, मध्ये एक साबूत टाक की. ती म्हणायची, साबूत तर सगळेच असतात. मनिराम चकमकीला पुढंही तिच्याच टोपलीतले गोटे घेत राहिला, आणि तिची कटकटही चालूच राहिली, पण मंडईची गोष्ट निघाली की तो हळूच म्हणायचा, "मी बिडी पेवत नसतो तं?" मग ती टोपली उचलून आत घेऊन जायची.

मुन्नालाल पुढच्या मंडईत आला. काचेच्या माळा घेऊनच आला, पण काच म्हणून विकायला. गिऱ्हाईक विचारायचं, तुलसाबाईचे का? तर तो म्हणायचा, "ना भाई, वो उधर बैठी है, उसका नाम मत लो मेरे सामने।" देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या मंडईत चिंचेवर तिरंगा बांधला होता. खाली तेच पोतं होतं, तीच बाई होती, आणि गळ्यात अर्ध्या मण्याची माळ. त्या वर्षी तिनं जागेबद्दल कोणाला विचारलं नाही. सरळ येऊन बसली.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या घरात, आजीच्या डब्यात, देवघरात, लेकराच्या करदोट्यात कुठंतरी एक लाल मणी असेल. काढा तो. ओठाला लावा, पण उन्हाळ्यात लावा, कार्तिकात नको. दिव्यासमोर धरा, बुडबुडा दिसतो का पाहा. आणि पुढच्या मंडईला जाल तेव्हा मोठ्या पालांपुढं थांबू नका. झाडाखाली पोतं टाकून बसलेल्या बाईसमोर उकिडवे बसा, मणी हातात घ्या, आणि भाव विचारायच्या आधी तिला तिचं नाव विचारा.